सोळावा फर्मा

अकरा फेब्रुवारी. सकाळचे साडेदहा झाले होते आणि मी अंगणात खळ शिजवत होते. मैदा, पाणी आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ढवळणं थांबलं की खळीत गुठळी होते, म्हणून खळ चुलीवर असताना फाटकाशी कोणीही आलं तरी मी उठत नाही.

फाटकाशी दोघी आल्या होत्या.

"बायंडिंगवाल्या ताई तुमीच का?" पहिलीनं विचारलं. उंच, पदर खोचलेली, आवाज अंगणवाडीत पोरं गोळा करणारीचा. तिचं नाव मंगला आणि ती खरोखरच अंगणवाडी सेविका निघाली. तिच्यामागे पन्नाशीची एक बारीकशी बाई हातात पिशवी घट्ट धरून उभी होती.

"मीच. बसा. खळ होऊ द्या."

"बसाले टाइम नाही. आमचं पुस्तक तुमच्याकडं आलं. पुलाचं."

मी ढवळता ढवळता हसले. आतल्या शिकंज्यात, म्हणजे आमच्या दाबाच्या यंत्रात, ते पुस्तक दोन दिवसांपासून होतं आणि गेल्या वर्षभरातलं माझं सर्वांत देखणं काम तेच होतं. निळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, शिलाई अशी की ओढून पाहा.

"झालं आहे," मी म्हटलं. "एकदम पक्कं. आता पन्नास वर्षं पान सुटत नाही."

मागच्या बारीक बाईनं पिशवी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. "सत्यानाश," ती म्हणाली.

पुढचं सांगण्याआधी माझा धंदा सांगते, नाहीतर तिनं कपाळाला हात का लावला ते कळणार नाही.

मी राळेगावात राहते. वडील कचेरीत कारकून, भाऊ कचेरीत कारकून. मी आयटीआयला बायंडिंग घेतलं तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. आज सव्वीस वर्षं झाली. दारव्ह्यापासून वणीपर्यंतच्या वाचनालयांची फाटकी पुस्तकं पोत्यात भरून एसटीनं माझ्याकडे येतात आणि शिवून परत जातात.

पुस्तक म्हणजे सुटी पानं नसतात. मोठा कागद छापून, घडी घालून त्याची सोळा पानांची एक पातळ चोपडी करतात. तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. फर्म्याला गोष्टीची पर्वा नसते. सोळावं पान भरलं की तो संपतो, मग नायिकेचं वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. एरवी वाचणाऱ्याला हे कधी कळत नाही, कारण पुढचा फर्मा लगेच खाली असतो.

पुस्तक कोणतं चांगलं ते मला सांगता येत नाही. कोणतं वाचलं जातं ते मात्र मी न उघडता सांगते. लोक काय वाचतात याबद्दल लोक खोटं बोलतात, पुस्तक बोलत नाही. वैचारिक ग्रंथांची पहिली वीस पानं मळलेली आणि पुढची कोरी करकरीत. आणि ही पुलाची कादंबरी! तिचं खरं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी वाचली त्यांना कळलंच असेल, आणि न वाचलेल्यांनी वाचनालयात जाऊन 'पुलाची द्या' म्हटलं तरी मिळते. माझ्या आईच्या लग्नाआधीची आहे. ही कादंबरी माझ्याकडे चाळीसएक वेळा तरी शिवायला आली असेल, आणि प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी मळलेली.

गोष्ट एवढीशी. नदीकाठचं गाव, नाव चालवणारा म्हातारा, त्याची मुलगी वत्सला. पूल बांधायला एक इंजिनियर येतो. पूल झाला की म्हाताऱ्याची नाव बंद आणि इंजिनियरही दुसऱ्या गावी जाणार. म्हणजे वत्सलेनं पूल व्हावा म्हणावं की होऊ नये म्हणावं? संपलं. मिठी नाही, गाणं नाही. इंजिनियर आणि वत्सला सबंध पुस्तकात एकमेकांशी बोलतात ती वाक्यं मोजली तर दोन पानं भरायची नाहीत.

पण हे पुस्तक पाठीवर उभं करून सोडलं, तर दारव्ह्याचं असो की राजूरचं, एकाच जागी उघडतं. अर्धाअधिक पूल झालेला आहे, फळ्यांवरून मजूर पलीकडे ये-जा करतात, आणि इंजिनियर मात्र घाटावर उभा राहून नावेला हाक मारतो. बस. त्या पानाचे कोपरे कापडासारखे मऊ झालेले असतात. मी सहसा पुस्तकं वाचत नाही, शिवते. पण हे पान मी प्रत्येक वेळी वाचते. माणसाला पूल दिसतोय, आणि तो हाक नावेला मारतोय! याहून उघडपणे कोणी काय सांगायचं?

दारव्ह्याला एक निवृत्त अव्वल कारकून आहेत. वाचनालयाच्या बैठकीत ते दरवर्षी म्हणतात की ही असली प्रेमबिमाची पुस्तकं शिवण्यात अर्थ नाही, नवी विज्ञानाची घ्या. एकदा मी पोतं घ्यायला गेले तर हे पोत्याशी वाकलेले.

"काय शोधताय काका?"

"काही नाही. ते पुलाचं यात टाकलं का पाहून राह्यलो."

"टाकलं आहे. नाही शिवायचं का?"

"तसं नाही," ते म्हणाले, "पण लवकर द्या. माझं दिवाळीनंतर असतं." दरवर्षी दिवाळीनंतर ते ती वाचतात, तेवीस वर्षं. आवडत नाही याची खात्री करून घेत असावेत.

राजूरचा एक खाणकामगार स्वतःची प्रत घेऊन आला होता. पानापानावर काळा अंगठा. मी म्हटलं, शिवून देते, कव्हरवर नाव काय टाकू? तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, "ताई, वरून 'पंपदुरुस्ती' लिवा. डब्यासंगं नेतो मी खाली. पोट्टे लय चिडवतात." मी सोनेरी अक्षरांत 'पंपदुरुस्ती' छापून दिलं. चार महिन्यांनी त्याच खाणीतला दुसरा आला. "ताई, माह्याही कादंबरीवर 'पंपदुरुस्ती' टाका. भाग दोन." दोघांना एकमेकांचं माहीत होतं की नाही, देव जाणे.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. नवी नवी असताना एका वाचनालयाची पुलाची प्रत आली. समासात चहूकडे लिहिलेलं, वेगवेगळ्या हातांचं, वेगवेगळ्या शाईचं. 'जाऊ नको बाई त्याच्याकडे.' त्याखाली दुसरीनं, 'काहून नको? जा!' त्याखाली आणखी कोणी, 'बापाचं काय?' पानोपानी भांडण, वीसेक वर्षं चाललेलं. मला वाटलं, घाण. कटिंग मशीनवर तिन्ही बाजूंनी छाटलं. पुस्तक काय सुंदर दिसत होतं! नंतर ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आता ते कोणी नेत नाही हो. बाया म्हणतात, मजा गेली." गोष्ट तीच, शब्द सगळे जागच्या जागी, आणि मजा गेली. सुरीनं कापलेलं चिकटवता येत नाही. तेव्हापासून मी समास छाटण्याआधी दोनदा बघते.

शिलाईच्या बाबतीत मात्र माझं डोकं तेवढं चाललं नाही.

या दोघींच्या गावची ती प्रत पोत्यातून काढली तेव्हा सोळाही फर्मे सुटे होते. दोरा तुटलेला नव्हता, कापलेला होता. ब्लाउज उसवावा तसा, टाका टाका धरून. प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्याला लोकरीच्या धाग्याची गाठ, कुठे लाल, कुठे हिरवी. मी मनात दोन शिव्या दिल्या, गाठी उपटून कचऱ्यात टाकल्या, आणि पुन्हा कोणाच्या बापाला उसवता येऊ नये अशी आडवी शिलाई घातली. म्हणजे घडीतून नव्हे, तर पाठीजवळून सगळे फर्मे एकदम दाभणानं भोसकून. भयंकर मजबूत. आतला समास मात्र खाते.

"आमीच उसवलं होतं ते," मंगला म्हणाली. मी खळ उतरवून ठेवली होती आणि तिघी ओट्यावर बसलो होतो. "आमचं भजनी मंडळ हाय. अकरा बाया. पुस्तक एक. एकीनं नेलं की महिनाभर येत नाही. मंग बाकीच्यांनी काय तोंडं पाहाची? म्हणून म्या म्हटलं, याचे भाग करा. पयला भाग पयलीनं वाचाचा, गुरुवारी भजनाले आणाचा, दुसरीले द्याचा, आपण पुढचा घ्याचा. अकराही जणी एकाच टाइमाले वाचून राह्यलो! धागे बांधले, म्हणजे कोणता भाग कोणाकडं ते दुरून दिसते."

मी सव्वीस वर्षं पुस्तकं शिवते आहे आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"आणि गुरुजींना सांगितलं नाही?" गुरुजी म्हणजे त्यांच्या गावचं वाचनालय चालवणारे निवृत्त शिक्षक.

"सांगतलं असतं तं उसवू देलं असतं का?" मंगला म्हणाली. "वाचून झालेले भाग गुपचूप कपाटात ठेवून देत होतो. गुरुवारपर्यंत राहू दे म्हणून शेवटचा भागही मी तिथंच ठेवला आन् त्याच दिवशी गुरुजीनं पडताळणीसाठी कपाट उघडलं. म्हणे, अरेरे, उंदरानं खाल्लं. देलं पोत्यात टाकून."

"मग तुमचं तर वाचून झालं."

"दहा जणींचं झालं," मंगला म्हणाली आणि शेजारी बघितलं. "हिचं राह्यलं. बेबीचं."

बेबीताई सर्वांत शेवटच्या. नंबर त्यांनीच मागून घेतला होता, मागच्या कोणाला खोळंबा नको म्हणून. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. लेकीच्या पुस्तकांवरून, ती अभ्यास करायची तेव्हा शेजारी बसून, अक्षरं शिकल्या. एक फर्मा त्यांना पुरा आठवडा लागतो, बोट ठेवून, दुपारी कापसाच्या वावरातून आल्यावर. पंधरा आठवडे, पंधरा फर्मे.

"पंधरावा कुठं संपतो, सांगू?" त्या पहिल्यांदा सलग बोलल्या. "पूल झाला. बापानं नाव वाळूवर ओढली. इंजिनेराची गाडी पुलाच्या पल्याड उभी हाय. आन् वत्सला पुलाच्या तोंडाशी आली 'आणि तिने'."

"आणि तिने काय?" पुढचं ठाऊक असूनही मी विचारलं.

"तेच तं! 'आणि तिने'. पान खतम. आठ दिवस झाले, मी 'आणि तिने' घेऊन फिरून राह्यली. कापूस वेचला तं 'आणि तिने'. भाकर टाकली तं 'आणि तिने'. या दहा सटव्यांना माहीत हाय, पण एक सांगल तं शपथ!"

"तूच घेतली न शपथ आमच्याकून," मंगला म्हणाली. "सांगू का आत्ता? तिनं ना..."

"थोबाड फोडीन!" बेबीताई ओरडल्या आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

मी हसत होते, पण त्या हसत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी राळेगावच्याच स्टँडवरून सकाळी साडेआठच्या गाडीनं त्या यवतमाळला आणि तिथून पुण्याला निघाल्या होत्या. लेकीचं बाळंतपण, मग नातवंड सांभाळायचं. दोन वर्षं तरी परत येणं नाही. वावर भावानं करायला घेतलं होतं, घराला कुलूप.

मी व्यवहारी बाई आहे. मी एकेक उपाय काढला. शिकंज्यातून पुस्तक आणलं आणि म्हटलं, बसा, मी वाचून दाखवते, अर्ध्या तासाचं काम.

"नाही."

"का हो?"

"जिंदगीभर दुसऱ्यानं वाचलेलं ऐकलं ताई. पोथी ऐकली, चिठ्ठी ऐकली, सातबारा ऐकला. हे पयलं हाय जे मी माह्या डोयानं वाचलं. पंधरा वाचले न? मंग सोळावाच काहून ऐकू?"

मी पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. म्हटलं, मग तुम्हीच वाचा, इथंच. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, शेवटाकडे उघडलं, आणि माझी पक्की शिलाई सापळ्यासारखी मिटली. पुन्हा उघडलं. दोन्ही हातांनी दाबून धरावं तर बोट ठेवायला हात उरेना. आणि धरलं तरी प्रत्येक ओळीचं आतलं टोक पाठीत गेलेलं. सरावाचा वाचणारा ते अक्षर अंदाजानं भरतो. बेबीताई एकेक अक्षर लावून वाचत होत्या. त्या अडल्या, पुन्हा अडल्या आणि त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. रागानं नाही. मला वाईट वाटू नये अशा काळजीनं दिलं.

बाजारात जाऊन झेरॉक्स काढून पाहिली. तिथंही तेच, आतल्या बाजूला काळा पट्टा आणि अर्धी अक्षरं. मंगला म्हणाली, फोनवर फोटो पाठवते, तर बेबीताईंचा फोन बटणांचा. शेवटी मी म्हटलं, पुस्तकच घेऊन जा पुण्याला, गुरुजींना मी सांगते.

"आन् बाकीच्या बाया?" त्या म्हणाल्या. "दुसरी फेरी सुरू होऊन राह्यली. वरच्या आळीतल्या नऊ जणी थांबल्या. मी अख्खं पुस्तक घेऊन पयाली तं मले काय म्हणतील?" मग पिशवी उचलली. "जाऊ द्या ताई. तुमी तुमचं काम केलं. चांगलं शिवलं."

चांगलं शिवलं! दोघी गेल्या. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पाहत बसले. निळं कापड, सोनेरी अक्षरं. ते उसवायला सांगायची त्यांची हिंमत झाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तो उपाय मलाही सुचला होता, अगदी पहिल्यांदा. मी तो बोलून दाखवला नाही, एवढंच. कारागिराला स्वतःचं काम मोडणं किती जड जातं ते कारागिरालाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत मी दुसरी तीन पुस्तकं शिवली आणि तिन्ही वाकडी झाली.

दुसऱ्या दिवशी पाचला उठले. पुस्तक शिकंज्यात उलटं धरलं, पाठीवर ओलं फडकं ठेवलं. वीस मिनिटांत खळ नरम पडली. कापड सोलून काढलं, पुठ्ठे वेगळे केले आणि पातळ पात्यानं एकेक टाका कापायला घेतला. मीच घातलेले टाके, काय चिवट! हात भरून आले. आणि मला सांगायला हरकत नाही, पहिला फर्मा सुटला तेव्हा मी एकटीच हसले. कारण काम करता करता एकदम दिसलं की हे पुस्तक कसं असायला हवं. सोळा चोपड्या. प्रत्येकीला स्वतःचं पातळ कव्हर, घडीत दोनच टाके, म्हणजे टेबलावर सपाट उघडेल. कोपऱ्यात रंगीत धागा, मीच शिवलेला, उपटता न येणारा. आणि सोळाही बसतील असा पुठ्ठ्याचा एक निळा डबा, पाठीवर तीच सोनेरी अक्षरं. कपाटात उभा केला की एक पुस्तक, भजनाच्या दिवशी सोळा. गुरुजींना लिहिणार होते की पडताळणीत सोळावा भाग 'वाचकाकडे' दाखवा. वाचकाकडे असलेलं पुस्तक कोणी हरवलेलं धरत नाही.

क्रमानं करत बसायला वेळ नव्हता. सोळावा आधी केला. भोकांच्या जागी पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या, घडीत शिवलं, कव्हर घातलं, हिरवा धागा. ओल्या खळीसकट रद्दी कागदात गुंडाळला आणि सायकल काढली. सुट्या फर्म्याची झेरॉक्स आता स्वच्छ निघाली असती, पण ते दुकान दहाला उघडतं. ते उघडं असतं तरी मी थांबले नसते. पाळी त्यांची होती, आणि पाळी खऱ्या फर्म्याची होती.

स्टँडवर आठ पंचवीसला पोचले. गाडी लागलेली. खिडकीशी बेबीताई, खाली मंगला आणि भजनी मंडळाच्या सात-आठ जणी. मी खिडकीतून पुडकं आत दिलं.

"काय हाय?"

"तुमचा नंबर. खळ ओली आहे, दुपारपर्यंत दाबून धरू नका."

त्यांनी कागद सोडला. चोपडी मांडीवर ठेवली. ती सपाट उघडली आणि उघडीच राहिली. ओळीची दोन्ही टोकं दिसत होती.

"वाचून झालं की पोस्टानं पाठवा," मी म्हटलं. "वरच्या आळीच्या बाया सोळाव्यापर्यंत यायला चार महिने आहेत."

"आन् नाही पाठवलं तं?"

"तर मी पुण्याला येईन."

खाली बायांनी कल्ला केला. "बेबे, वाच न वं आता! पयली ओळ तं वाच!" "आमच्या समोर वाच, आमाले तुहं तोंड पाहाचं हाय!" कंडक्टर डोकावून म्हणाला, काय भानगड आहे. मंगलानं त्याला सांगितलं, "थांबा भाऊ, एक ओळ." आणि आश्चर्य म्हणजे तो थांबला.

बेबीताईंनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. ओठ हलायला लागले. मलाही माहीत होतं पुढं काय आहे, चाळीसएक वेळा शिवलं होतं, तरी मी टाचा उंचावून खिडकीत बघत होते. बोट सरकत सरकत ओळीच्या टोकाला गेलं, दुसऱ्या ओळीवर उतरलं, मधे थांबलं, एक अक्षर पुन्हा लावलं, पुढं गेलं. घंटा वाजली, गाडी हलली. बोट तसंच. गाडी स्टँडच्या बाहेर वळली तेव्हा खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून त्या हात हलवत ओरडल्या,

"मंगले! मले वाटलंच होतं वं! मले पयल्यापासून वाटलंच होतं!"

त्यांना काय वाटलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. ज्या अंकात हे छापून येणार, तो वरच्या आळीतल्या नऊ जणी वाचतात. घरी येऊन मी पुन्हा खळ चढवली आणि पंधरावा फर्मा पुढ्यात ओढला.